नानाभाई मूस : मुंबईची वेधशाळा अलिबागला नेणारा इंजिनिअर

माझं गाव सव. महाड तालुका, जिल्हा रायगड. होस्टेलवर नाव सांगितलं की 'सव म्हणजे नक्की काय?' हे दोनदा समजावून सांगावं लागतं. वज्रेश्वरी, उन्हेरे, सव, तुरळ, राजापूर अशी गरम पाण्याच्या झऱ्यांची जी रांग कोकणात आहे, त्यातलं सावित्रीच्या काठचं आमचं गाव. पण रायगड जिल्हा म्हटल्यावर पुढचा टोमणा ठरलेलाच - 'अलिबागसे आया है क्या?' आता जिल्ह्याचं ठिकाणच अलिबाग, दाखला काढायचा तर माणगाव, कोलाड, नागोठणं, वडखळ करत तिथेच जावं लागतं. त्यामुळे हो म्हणायलाही आमची हरकत नसते.

थर्ड इयरला सेमिनारसाठी मी विषय घेतला सौर वाऱ्यातली चुंबकीय पुनर्जोडणी आणि ती टिपणारी अवकाशयानं. विषय सगळा नासाचा आणि युरोपचा. आपल्याकडचं काही सापडेल अशी आशा नव्हती. वाचता वाचता २००३ सालचा एक शोधनिबंध हाती लागला. त्यातला मुख्य आलेख होता मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतला, तोही १८५९ सालचा! त्या आलेखाच्या मागे मागे गेलो आणि एका माणसापाशी पोचलो. नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस. आपल्यासारखाच इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. सेमिनार संपला, मार्क मिळाले, पण नानाभाई डोक्यातून गेले नाहीत. म्हणून हा लेख.

नानाभाईंचा जन्म १८५९ सालचा, पारशी कुटुंबातला. हे साल चुंबकशास्त्रात फार मोठं मानतात. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत बसले होते. अचानक डागांच्या गटावर पांढराशुभ्र झगझगीत प्रकाश दिसला आणि काही मिनिटांत विझला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. तारायंत्रं बिघडली, काही ठिकाणी तारा बॅटरीशिवाय चालल्या, उष्ण कटिबंधाजवळच्या प्रदेशातही ध्रुवीय प्रकाश दिसला. पंधरा कोटी किलोमीटर अंतर साडेसतरा तासांत म्हणजे सेकंदाला सरासरी तेवीसशे किलोमीटरच्या वर वेग झाला. कॅल्क्युलेटरवर करून बघा.

त्या वादळात युरोपातल्या काही वेधशाळांचे फोटोग्राफीवर चालणारे आलेख कागदाबाहेर गेले. मुंबईत कुलाब्याला मात्र तेव्हा डोळ्यांनी वाचन घेण्याची पद्धत होती. टांगलेल्या चुंबकाला आरसा, समोर दुर्बीण आणि मोजपट्टी. एरवी तासातासाला, आणि सुई अस्वस्थ झाली की थोड्या थोड्या मिनिटांनी वाचन. २ सप्टेंबरला दुपारच्या सुमाराला मुंबईतला आडवा चुंबकीय घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेला. एरवी एखादं बऱ्यापैकी वादळ शंभर-दोनशेचं असतं. कुलाब्याच्या निरीक्षकांनी हे सगळं शांतपणे वहीत उतरवून ठेवलं. ही वही पुढे ज्याच्या ताब्यात यायची होती, तो त्याच वर्षी जन्माला आला.

नानाभाईंनी मुंबई विद्यापीठाची एल. सी. ई. ही पदवी घेतली. एल. सी. ई. म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग, आजच्या बी. ई. सिव्हिलची पणजी म्हणा. नंतर ते स्कॉटलंडला एडिंबरा विद्यापीठात गेले आणि बी. एस्सी. झाले. पुढे एडिंबराच्या रॉयल सोसायटीचे फेलोही झाले. त्या काळात रस्ते, पूल, कालवे, रेल्वे यांची कामं जोरात होती आणि सिव्हिल इंजिनिअरला मान होता. पण नानाभाई वळले ते वेधशाळेकडे.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली. १८४१ पासून एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय निरीक्षणं सुरू झाली आणि १८४६ पासून ती नियमित, सलग अशी मिळतात. १८७० च्या दशकात फोटोग्राफीवर चालणारी उपकरणं आली. चुंबकाच्या आरशावरून दिव्याची तिरीप फिरत्या कागदावर पडायची आणि दिवसरात्र रेषा उमटत राहायची. चार्ल्स चेंबर्स यांनी जवळजवळ तीस वर्षं हा कारभार सांभाळला. त्यांच्यानंतर १८९६ मध्ये नानाभाई संचालक झाले. या पदावरचे ते पहिले भारतीय. वय छत्तीस-सदतीस.

आणि साल कसलं मिळालं तर १८९६! त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून गावाकडे पळत होते, गिरण्या ओस पडत होत्या. अशा शहरात आरशावरून पडणारी तिरीप, तिचा कागद आणि तो कागद वेळेवर बदलणारी माणसं यांचा मेळ बसवत राहायचं, हे नानाभाईंचं पहिलं काम. कुलाब्याची मालिका चालू राहिली. १८९८ च्या सुमाराला वेधशाळेत मिल्न यांच्या बनावटीचा भूकंपमापकही बसला. चुंबक, हवामान, भूकंप - सगळं एकाच छपराखाली.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही चुंबकीय वादळं येतात कुठून, हे तेव्हा नक्की कोणालाच माहीत नव्हतं. सूर्यावरचे डाग वाढले की वादळं वाढतात हे १८५२ मध्येच एडवर्ड सबाइन यांनी दाखवलं होतं. पण १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून या संबंधाला साफ नकार दिला. त्यांचं गणित असं : आठ तासांच्या एका वादळासाठी सूर्याने सर्व दिशांना चुंबकीय लहरी पाठवल्या असं मानलं, तर तेवढ्या वेळात सूर्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी ऊर्जा खर्च करावी लागेल. हे अशक्य, सबब सूर्याचा आणि वादळांचा संबंध नाही. केल्व्हिन म्हणजे ज्यांच्या नावाने आपण तापमान मोजतो ते. त्यांच्यापुढे बोलणार कोण?

अशा वेळी संचालकाने काय करायचं असतं? एखादी नवी थिअरी मांडून नाव कमावायचं? नानाभाईंनी वेगळा रस्ता धरला. कारण माहीत नसलं तरी नोंद अचूक ठेवता येते. आणि नोंद अचूक असली तर कारण आज ना उद्या सापडतं. त्यांचं सगळं आयुष्य मला या दोन वाक्यांत बसलेलं दिसतं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. ती सूर्याकडून आली नाही, आली ट्रामकडून.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. तिचा एक मार्ग कुलाब्यापासूनच निघायचा, पायधुणीपर्यंत. विसावं शतक उजाडता उजाडता ट्राम विजेवर चालवायचं ठरू लागलं. शहराच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट. वेधशाळेच्या दृष्टीने मरण. इलेक्ट्रिकलच्या मुलांना हे लगेच कळेल. ट्राम डी. सी. वर चालते. वरच्या तारेतून करंट येतो, मोटरमधून जातो आणि रुळांतून परत जातो. रूळ जमिनीवरच टेकलेले, त्यामुळे त्यातला काही करंट जमिनीत झिरपतो आणि मिळेल त्या वाटेने परत जातो. प्रत्येक स्टॉपवर गाडी थांबली, सुटली की तो कमीजास्त होतो. करंट आला की चुंबकीय क्षेत्र आलं. म्हणजे आरशावरची तिरीप सूर्यामुळे हलली की कुलाब्याच्या ट्राममुळे, हे सांगायला मार्गच उरणार नाही. साठ वर्षांची मालिका तिथेच संपणार.

नानाभाईंपुढे तीन वाटा होत्या. पहिली, ट्रामला विरोध करायचा. दुसरी, येईल तो गोंधळ सोसून आलेख काढत राहायचं, आणि कागदावर रेषा उमटतेय ना, मग झालं, असं म्हणायचं. तिसरी, ट्राम यायच्या आत वेधशाळेचं चुंबकीय काम उचलून दुसरीकडे न्यायचं. त्यांनी तिसरी वाट धरली. स्वतः इंजिनिअर असलेल्या माणसाला वीज अडवून धरता येत नाही हे कळत असणारच. सरकारने मान्यता दिली आणि नवी जागा ठरली अलिबाग.

अलिबागच का? कुलाब्यापासून सरळ रेषेत ते साधारण तीस किलोमीटर. इतकं लांब की मुंबईच्या ट्रामचा त्रास पोचू नये, आणि इतकं जवळ की मुंबईच्या मालिकेशी सांधा जुळावा. मध्ये समुद्र. तेव्हाच्या अलिबागला ना गिरण्या, ना ट्राम.

आता बांधकाम. आमच्या सवला काय किंवा महाड-पोलादपूरला काय, घर म्हटलं की काळा दगड. जोत्याला काळा दगड, बांधाला काळा दगड. सगळा सह्याद्रीच त्याचा. पण या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट असतं. थंड होताना तो दगड त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने थोडासा चुंबकित झालेला असतो. खिशातल्या होकायंत्राला हे बहुतेक वेळा कळतही नाही, पण वेधशाळेतल्या नाजूक उपकरणाला कळतं. म्हणजे ज्या दगडावर सगळा जिल्हा उभा आहे, तोच दगड या इमारतीला वर्ज्य! म्हणून अलिबागसाठी पोरबंदरचा वालुकाश्म आणला. तो चुंबकीय नाही याची खात्री करून घेतलेला. लोखंडाचा खिळादेखील चालणार नव्हता. जे काही धातूचं लागेल ते तांब्या-पितळेचं. उपकरणांची खोली अशी की बाहेर ऊन असो की पाऊस, आतलं तापमान फार हलू नये. कारण तापमान बदललं की चुंबकाची ताकदही बदलते. सिव्हिलचा माणूस वेधशाळेचा संचालक असण्याचा उपयोग तो हा.

१९०३ च्या ३१ ऑक्टोबरला, म्हणजे कुलाब्याचे शेवटचे दिवस चालू असताना, आणखी एक प्रचंड वादळ येऊन गेलं. तेही नोंदलं गेलं. १९०४ मध्ये अलिबागची उपकरणं सुरू झाली.

आणि आता नानाभाईंची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा बंद केलं नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी निरीक्षणं चालू ठेवली. खर्च दुप्पट, माणसं दुप्पट, आकडेमोड दुप्पट. कशासाठी? दोन ठिकाणच्या वाचनांत थोडा फरक राहणारच. तो फरक उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती, शांत दिवशी किती, वादळात किती हे कळल्याशिवाय जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येत नाही. लॅबमध्ये जुना मीटर काढून नवा लावताना दोन्ही एकदम जोडून बघावे लागतात, तसंच. फक्त इथे बघण्याची मुदत दोन वर्षं होती. त्यानंतरच कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली. तोपर्यंत मालिका सुखरूप खाडीपलीकडे पोचली होती.

कोणी म्हणेल, दोन वर्षं कशाला? दोन महिन्यांचा फरक काढला असता, बाकीचा जुळवला असता. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री जर्नलं कशी पूर्ण होतात आणि स्ट्रेट लाइन कशी 'आणली' जाते हे सगळ्या होस्टेलला ठाऊक आहे. नानाभाईंना शंभर वर्षांनंतर तपासणारा कोणी एक्स्टर्नल दिसत नव्हता. तरी त्यांनी दोन वर्षं दिली.

मालिका वाचवून ते थांबले नाहीत. तिचा अर्थ लावायला बसले. १९१० मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला - मुंबईच्या सरकारी वेधशाळेतली १८४६ ते १९०५ ची चुंबकीय निरीक्षणं आणि त्यांची चर्चा. साठ वर्षं! साठ वर्षांत तास किती? सव्वापाच लाखांच्या वर. संगणक नाही, कॅल्क्युलेटर नाही. लॉगटेबल, शाई आणि हाताखालची माणसं.

त्या ग्रंथातली एक युक्ती सांगतो. वादळ कधीही येतं, सकाळी, दुपारी, मध्यरात्री. सूर्याच्या रोजच्या उगवण्या-मावळण्यामुळेही चुंबकीय क्षेत्र थोडं कमीजास्त होत असतं. हे दोन्ही एकात एक मिसळलेलं. मग नानाभाईंनी काय केलं, तर घड्याळाची वेळ सोडून दिली. प्रत्येक वादळ जिथे अचानक सुरू झालं तो त्याचा शून्य तास धरला. मग सगळ्या वादळांचा पहिला तास पहिल्याखाली, दुसरा दुसऱ्याखाली असं लावून सरासरी काढली. वादळं दिवसाच्या निरनिराळ्या वेळी सुरू झालेली असल्यामुळे रोजचे चढउतार एकमेकांना कापून गेले आणि उरला फक्त वादळाचा स्वतःचा आकार. आधी आडवा घटक थोडा वर उसळतो, मग कित्येक तास खाली खाली जातो आणि पुढे काही दिवस घेऊन हळूहळू पूर्वपदावर येतो. हा आकार इतका साफपणे कोणी काढला नव्हता. पुढे सिडनी चॅपमन यांनी याच वाटेने जाऊन वादळांचा अभ्यास जगभरच्या वेधशाळांपर्यंत नेला आणि मूस यांच्या कामाची दखल घेतली.

१९१९ मध्ये नानाभाई निवृत्त झाले. संचालकपदावर तेवीस वर्षं. १९३६ मध्ये ते वारले. पहिला उपग्रह अजून एकवीस वर्षं लांब होता. त्यांनी काढलेला आकार कशामुळे होतो, याचं पूर्ण उत्तर त्यांना मिळालं नाही.

ते उत्तर काय, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. माझ्या सेमिनारचा विषय इथे येतो.

१९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी मांडलं की सूर्यापासून सतत कणांचा वारा वाहत असतो. १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने तो खरंच मोजला. हा सौर वारा आपल्याबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्र ओढून आणतो. १९६१ मध्ये जेम्स डंजी यांनी पुढचं पाऊल टाकलं. पृथ्वीचं क्षेत्र दिवसाच्या बाजूला उत्तरेकडे रोखलेलं असतं. वाऱ्यातलं क्षेत्र त्याच्या उलट, म्हणजे दक्षिणेकडे रोखलेलं आलं, की दोन उलट्या दिशांच्या बलरेषा समोरासमोर दाबल्या जातात. मध्ये त्या तुटतात आणि एकमेकींशी नव्याने जोडल्या जातात. हीच पुनर्जोडणी. नव्या जोडलेल्या रेषा ताणलेल्या बेचकीच्या रबरासारख्या झटकन आक्रसतात आणि कणांना दोन्ही बाजूंना फेकतात. पृथ्वीचं कवच उघडतं, वाऱ्याची ऊर्जा आत येते, पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या वर कणांचा एक मोठा वर्तुळाकार प्रवाह वाढतो. तो प्रवाह जमिनीवरचा आडवा घटक कमी करतो. नानाभाईंच्या आलेखातली कित्येक तासांची घसरण ती हीच. केल्व्हिन यांचं गणितही इथे सुटतं. सूर्याला सगळ्या दिशांना ती ऊर्जा पाठवावी लागतच नाही. वारा येतो, आणि दार पृथ्वीच्याच क्षेत्रात उघडतं.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. १९७९ मध्ये आयसी यानांच्या नोंदींतून पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या सीमेवर पुनर्जोडणीने फेकलेले कणांचे झोत दिसले. २००५ मध्ये जॅक गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एस यानाच्या नोंदींतून दाखवलं की पृथ्वीपासून दूर, खुद्द सौर वाऱ्यातही पुनर्जोडणी होते. खूण अशी : यान जात असताना क्षेत्राची दिशा दोन पायऱ्यांत उलटते आणि त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये कणांचा वेग नेमका बदललेला असतो. २ फेब्रुवारी २००२ ला एस, विंड आणि क्लस्टर अशा तीन ठिकाणच्या यानांनी असा एकच पट्टा पाहिला. त्याची लांबी पृथ्वीच्या त्रिज्येच्या ३९० पटींपेक्षा जास्त, म्हणजे सुमारे पंचवीस लाख किलोमीटर निघाली. २०१५ मध्ये सोडलेल्या एम. एम. एस. च्या चार यानांनी तर रेषा जिथे तुटतात त्या इवल्याशा भागातून जाऊन इलेक्ट्रॉनांचं वागणं मोजलं.

भारताचं आदित्य-एल १ हे यान २ सप्टेंबर २०२३ ला निघालं. तारीख बघा, कुलाब्याच्या त्या वादळाचीच! जानेवारी २०२४ मध्ये ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला आपल्या जागी पोचलं. त्यावर चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणं सहा मीटर लांब दांडीवर बसवली आहेत. का? तर यानातल्या विजेच्या करंटचा त्रास मापनाला होऊ नये म्हणून. हे वाचलं आणि मी एकटाच हसलो. मुंबईच्या ट्रामसाठी नानाभाईंनी केलं ते दुसरं काय होतं? त्यांची दांडी तीस किलोमीटरची होती, एवढंच.

मे २०२४ मध्ये मोठं चुंबकीय वादळ आलं. लडाखमधल्या हानले इथून आकाशात लाल प्रकाश टिपला गेला. त्या वादळाचा आदित्य आणि इतर यानांच्या नोंदी एकत्र करून अभ्यास झाला आणि २०२५ मध्ये इस्रोने तो जाहीर केला. सूर्यापासून निघालेले दोन ढग वाटेत एकमेकांवर आदळले आणि त्यांच्या आतच, पृथ्वीच्या कितीतरी आधी, पुनर्जोडणी झाली. तो भाग सुमारे तेरा लाख किलोमीटर पसरलेला होता.

आता परत २००३ च्या त्या शोधनिबंधाकडे. ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना वगैरेंनी कुलाब्याची १८५९ ची जुनी वही उघडली आणि त्या वादळाची ताकद नव्याने मोजली. १९८९ च्या वादळात कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज नऊ तास गेली होती. १८५९ चं वादळ त्याहून कितीतरी मोठं होतं. तसं आज आलं तर ग्रिडचं, उपग्रहांचं काय होईल, याचा जगभर जो हिशेब मांडतात त्यात मुंबईचा हा आकडा असतो. आकडा एकटा असता तर त्याला कोणी विचारलं नसतं. त्याच्या पुढे-मागे साठ वर्षांची, आणि अलिबागचा सांधा धरून दीडशेच्या वर वर्षांची मालिका आहे म्हणून तो विश्वासाचा. विषुववृत्तापासून आणि ध्रुवापासून योग्य अंतरावर असल्यामुळे अलिबागच्या नोंदी जपानमधल्या क्योटोला वादळाचा जो मिनिटामिनिटाचा निर्देशांक काढतात त्यातही घेतल्या जातात. आमच्या जिल्ह्याचं ठिकाण जगाच्या नकाशावर ते असं.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण सॉफ्टवेअरला जातील, काही जण साइटवर, काही एम. पी. एस. सी. ला बसतील. नव्या मशिनसाठी जुनं मशीन काढायची वेळ सगळ्यांवर येईल. जुना सर्व्हर बंद करून नवा चालू करा, जुना मीटर काढून नवा बसवा, लवकर करा, असं वरून सांगितलं जाईल. त्या वेळी दोन्ही थोडे दिवस बरोबर चालवून बघूया असं म्हणणारा माणूस लोकांना किरकिरा वाटतो. पण तो फरक कोणीतरी मोजावाच लागतो.

पुढच्या सुट्टीत अलिबागला किल्ला आणि समुद्र बघायला गेलात, तर पोरबंदरी दगडाच्या त्या इमारतीचीही आठवण ठेवा. १९०४ पासून तिथली नोंद चालू आहे.